उलटसुलट सारखे आकडे: 'विलोम', 'गतप्रत्यागत' आणि फेब्रुवारीच्या तारखा

एका वाचकाने तीन प्रश्न एकत्र विचारले आहेत. गाडीच्या मीटरवर ४५६५४ असा आकडा आला तर त्याला मराठीत काय म्हणायचं? २२/०२/२०२२ ही तारीख उलटसुलट सारखी म्हणून आपल्याकडे सगळ्यांनी मिरवली, पण अमेरिकेतला मेहुणा म्हणतो की त्याच्याकडे ती तशी नव्हतीच, मग खरं कोणाचं? आणि जाता जाता, 'मीटर फिरला' आणि 'मीटर फिरवला' यांत फरक आहे की दोन्हींचा अर्थ फसवणूकच?

आधी शब्दाचं पाहू. इंग्रजीतल्या पॅलिंड्रोमसाठी मराठीत 'विलोमपद' रूढ आहे. 'रामाला भाला मारा', 'ती होडी जाडी होती', 'टेप आणा आपटे' ही त्याची सर्वांना पाठ असलेली उदाहरणं. पण शब्द उकलून पाहिला तर तो इथे जरा सैलच बसतो. लोम म्हणजे अंगावरचा केस. केसांच्या कलाने जायचं ते अनुलोम, केसांविरुद्ध जायचं ते विलोम किंवा प्रतिलोम. म्हणजे 'विलोम'चा अर्थ नुसता 'उलट'. उलट वाचल्यावर तेच निघालं पाहिजे, ही अट त्या शब्दात कुठेच नाही. सोळाव्या शतकात गोदाकाठच्या पार्थपूरच्या दैवज्ञ सूर्यकवीने रचलेलं विलोमकाव्य सुलट वाचलं की रामाची कथा सांगतं आणि उलट वाचलं की कृष्णाची. तिथे उलटं काहीतरी वेगळं निघतं, यातच सारं कसब आहे.

उलट वाचूनही जो श्लोक तोच राहतो त्याच्यासाठी संस्कृत साहित्यशास्त्रात नेमका शब्द आहे: गतप्रत्यागत. गेला आणि परत आला. माघ कवीच्या 'शिशुपालवध' या महाकाव्यात एकोणिसाव्या सर्गात असा श्लोक आहे. ग्रीक पॅलिंड्रोमचा अर्थही जवळपास हाच, मागे धावत येणारा. गंमत म्हणजे ओडोमीटर, म्हणजे गाडीचं अंतर मोजणारा मीटर, यातला 'ओडो'सुद्धा ग्रीकच, त्याचा अर्थ वाट. त्यामुळे ओडोमीटरवरचा पॅलिंड्रोम हा व्युत्पत्तीच्या अंगाने अगदी घरचाच पाहुणा. तरीही 'गतप्रत्यागत' रोजच्या बोलण्यात आणा, असं मी सुचवणार नाही. गाडी चालवता चालवता एवढा शब्द उच्चारेपर्यंत मीटर पुढे सरकलेला असेल. वाक्याला विलोमपद म्हणा, ते आता रुळलं आहे. आकड्याला 'पद' म्हणणं मात्र कानाला खटकतं. तिथे लिहिताना 'विलोम संख्या' आणि बोलताना 'उलटसुलट सारखा आकडा' पुरे.

मेहुण्याशी चाललेल्या वादाकडे वळण्याआधी एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. उलटसुलटपणा हा वस्तूचा गुण नसतो, तो लिहिण्याच्या पद्धतीचा असतो. 'डालडा' हा शब्द देवनागरीत उलटसुलट सारखा आहे, कारण आपण अक्षर हे एकक धरून उलटवतो: डा, ल, डा. रोमन लिपीत तो तसा राहत नाही, कारण तिथे व्यंजन आणि स्वर सुटे सुटे मोजले जातात. शब्द तोच, डबा तोच, पण लिपी बदलली की कसब गेलं.

मीटरचंही तेच. जुन्या गाड्यांच्या मीटरमध्ये आकड्यांची पाच चाकं असत, आणि शेजारी वेगळ्या रंगाचं एक चाक किलोमीटरच्या दहाव्या भागासाठी. रिकाम्या जागी शून्य दिसायचं. त्यामुळे नव्या गाडीने शंभर किलोमीटर पुरे केले की ००१०० असा उलटसुलट आकडा मिळायचा. आजच्या डिजिटल मीटरवर तिथे नुसते १०० दिसतात आणि मौज संपते. उलट, सहा घरांच्या आणि पुढचं शून्य दाखवणाऱ्या मीटरवर ०४५५४० हा आकडा चालतो, शून्य न दाखवणाऱ्यावर तोच ४५५४० होऊन बाद होतो. गाडी तेवढीच चाललेली असते.

असे आकडे किती वेळाने येतात? पाच आकडी मीटरवर साधारण दर शंभर किलोमीटरला एक. १२३२१ नंतर १२४२१, मग १२५२१. दुसरा आकडा बदलताना हे अंतर थोडं वाढतं: १२९२१ नंतर थेट १३०३१, म्हणजे ११० किलोमीटर. आणि दहा हजारांचा उंबरा ओलांडताना ते एकदम आखडतं: १९९९१ आणि २०००२ यांच्यात फक्त ११ किलोमीटर. ज्यांना हा नाद आहे त्यांनी १९९९१ दिसल्यावर गाडी लगेच पार्किंगला लावू नये. मीटर सहा आकडी झाला, म्हणजे गाडीने लाख पार केले, की नेहमीचं अंतर ११०० किलोमीटरवर जातं आणि मग फार धीर धरावा लागतो.

आता तारीख. २२०२२०२२ हे आठ आकडे उलटे वाचा, तेच येतात. अमेरिकेत महिना आधी लिहितात, म्हणून त्यांच्याकडे त्या दिवशी ०२२२२०२२ होतं आणि ते उलटं वाचलं की मोडतं. मेहुणा बरोबर आहे. पण शून्य आणि शतक वगळून लिहिलं तर आपल्याकडे २२/२/२२ आणि त्यांच्याकडे २/२२/२२, दोन्ही ठिकाणी पाच दोन ओळीने उभे. शिवाय तो मंगळवार होता आणि इंग्रजीत ट्यूसडे व टू यांचा यमकी खेळ जमतो, म्हणून तिकडेही गाजावाजा झालाच होता. आपल्या मंगळवाराला त्यात काही करण्यासारखं नव्हतं.

खरी मजा पूर्ण आठ आकड्यांत आहे. वर्ष २० ने सुरू होतं, म्हणून आपल्या पद्धतीत महिना ०२ च असावा लागतो. एकविसाव्या शतकातल्या आपल्या साऱ्या उलटसुलट तारखा त्यामुळे फेब्रुवारीत पडतात, आणि फेब्रुवारीची प्रत्येक तारीख शतकात एकदाच येते: १०/०२/२००१ पासून थेट २९/०२/२०९२ पर्यंत. (२०९२ हे लीप वर्ष आहे, मी चारने भागून पाहिलं.) एकूण एकोणतीस. अमेरिकी पद्धतीत ०२ दिवसाच्या जागी अडकतो, म्हणून त्यांच्या सगळ्या तारखा कुठल्या ना कुठल्या महिन्याच्या २ तारखेला येतात, प्रत्येक महिन्याला एक, शतकात बाराच. आपल्याला एका महिन्याचे सगळे दिवस, त्यांना सगळ्या महिन्यांचा एकच दिवस. १२०२२०२१ हे आकडे आपल्याकडे १२ फेब्रुवारी २०२१ ला दिसले आणि त्यांच्याकडे त्याच वर्षी २ डिसेंबरला. पुढचा योग ०३०२२०३० चा: आपला रविवार, ३ फेब्रुवारी, त्यांचा शनिवार, २ मार्च.

मागे जाऊन पाहिलं तर आपल्या पद्धतीने २००१ च्या आधीची अशी तारीख शोधायला २९/११/११९२ पर्यंत जावं लागतं. तराईची दुसरी लढाई झाली ते वर्ष. अर्थात तेव्हा ही तारीख अशी लिहिणारं कोणी इथे नव्हतं, हा सगळा मागाहून केलेला हिशेब. दिवस आधी, महिना आधी किंवा वर्ष आधी, कसंही लिहा तरी उलटसुलट राहणारी तारीख फार दुर्मीळ: ०२/०२/२०२०. तिच्या आधीची ११/११/११११, आणि पुढची १२/१२/२१२१.

आपण मात्र दिवस-आधीवाले आहोत, हेही पूर्ण खरं नाही. न्यूयॉर्कवरच्या हल्ल्याला आपण मराठीतही 'नाइन इलेव्हन' म्हणतो, म्हणजे अमेरिकी क्रमाने. आपल्या क्रमाने ती ९ नोव्हेंबर झाली असती. मुंबईवरचा हल्ला मात्र 'सव्वीस अकरा', आपल्या क्रमाने. दोन्ही नावं एका वाक्यात आली तरी कोणी अडखळत नाही. आणि महाराष्ट्र शासनाचं राजपत्र उघडून पाहा. तिथे मथळ्याखाली अशा धाटणीची ओळ असते: 'शुक्रवार, जानेवारी ४, २०१३/पौष १४, शके १९३४'. शुद्ध मराठीत, सरकारी छापखान्यात, महिना आधी! त्यातला पौषही पंचांगातला नव्हे, तर २२ मार्च १९५७ पासून लागू झालेल्या राष्ट्रीय सौर दिनदर्शिकेतला. तिथीच्या घोळाबद्दल तर बोलायलाच नको: जन्माष्टमी आपली श्रावण वद्य अष्टमी, उत्तरेत तीच भाद्रपद कृष्ण अष्टमी, कारण आपला महिना अमावास्येला संपतो आणि त्यांचा पौर्णिमेला. दिवस मात्र तोच असतो.

क्रमाचा विषय निघालाच आहे तर बोलण्याबद्दलही सांगतो, कारण या प्रश्नातला मला सर्वांत आवडलेला भाग तोच आहे. ४५६५४ मोठ्याने वाचा: पंचेचाळीस हजार सहाशे चोपन्न. 'पंचेचाळीस'मध्ये पाच आधी येतो, मग चाळीस. 'चोपन्न'मध्ये चार आधी, मग पन्नास. कानावर पडतात ते आकडे या क्रमाने: पाच, चार, सहा, चार, पाच. म्हणजे ५४६४५, दुसरीच एक उलटसुलट संख्या! पाच आकडी उलटसुलट संख्येच्या बाबतीत हे नेहमीच घडतं, फक्त एकोणतीस-एकोणचाळीसवाल्या संख्या आल्या की गणित बिघडतं, कारण तिथे नऊ उच्चारलाच जात नाही. २०१९ साली दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'पन्नास दोन' अशी वाचनाची पद्धत आली आणि मोठा वाद झाला, तो याच एकक-आधी सवयीबद्दल होता. 'पन्नास चार' म्हटलं तर हा खेळ जातो. तेवढ्यावरून पुस्तकाला दोष देणं बरोबर नाही, पण मला वाईट वाटलं होतं.

ही सवय जुनी आहे. संस्कृतात संख्या शब्दांनी सांगताना एककापासून सुरुवात करतात आणि 'अंकानां वामतो गतिः' म्हणून डावीकडे सरकतात. भास्कराचार्यांनी आपला जन्मशक 'रसगुणपूर्णमही' असा दिला आहे. रस सहा, गुण तीन, पूर्ण म्हणजे शून्य, मही एक. ऐकू येतं ६३०१, वाचायचं १०३६, म्हणजे इसवी सन १११४. मराठेशाहीच्या कागदांतला सुहूर सनही असाच एककापासून लिहीत, अरबी संख्याशब्दांत. सुहूर ११११, म्हणजे इसवी १७१०-११, हा सन असा दिसतो: 'इहिदे अशर मया व अलफ'. एक, दहा, शंभर, हजार. आकड्यांत चार सारखे एक, शब्दांत चारही वेगळे. मोडी वाचणाऱ्याला तो आकडा कितीही खास असला तरी डोळ्यांत भरणार नाही. याउलट ज्ञानेश्वरीच्या शेवटी नोंदवलेलं साल, शके १२१२, तिथे 'बाराशतें बारोत्तरें' असंच येतं आणि आकड्याची जोडी कानालाही कळते.

राहिला 'फिरला' आणि 'फिरवला'चा प्रश्न. फरक आहे आणि तो व्याकरणानेच जपला आहे. फिरणे अकर्मक, फिरवणे प्रयोजक. जुन्या पाच चाकांच्या मीटरवर ९९९९९ नंतर ००००० यायचं. त्याला 'मीटर फिरला' किंवा 'मीटर पलटला' म्हणत, आणि त्यात कोणाचा हात नसे. उलट, गाडी टिकली याचा तो अभिमानाचा उल्लेख असे. 'मीटर फिरवला' म्हटलं की कर्ता आला, आणि तो बहुधा विकणारा असतो. 'मीटर मागे घेतला' हेही त्याच अर्थाने. रिक्षातला मीटर 'टाकतात' किंवा 'पाडतात', त्याचा इथे संबंध नाही. जुनी गाडी घेताना कोणी 'रनिंग फार कमी आहे' असं सांगितलं तर सर्व्हिसिंगची बिलं मागून घ्या. त्यांवर दर वेळचं रीडिंग तारखेसकट असतं. तारखा पुढे जाताहेत आणि रीडिंग मागे येतंय असं दिसलं, तर मीटर फिरलेला नाही, फिरवलेला आहे.