शिकाऊ मुलगा, कंपनी आणि शाळा: जर्मनी-स्वित्झर्लंडच्या कौशल्यशिक्षणावर प्रश्नोत्तरे

प्रश्न: मी आयटीआयमध्ये फिटर ट्रेड शिकवतो. जर्मनीची ‘ड्युअल’ पद्धत म्हणजे आपली ॲप्रेंटिसशिपच ना? (नाशिक)

नाही. आपल्याकडे बहुतेक मुलं आधी आयटीआय पूर्ण करतात आणि मग कंपनीत जातात. तिकडे पहिल्या दिवसापासून मुलाचा कंपनीशी लेखी करार असतो. आठवड्याचे तीन-चार दिवस कंपनीत, एक-दोन दिवस व्यवसायशाळेत. असे सव्वातीनशेच्या आसपास मान्यताप्राप्त व्यवसाय आहेत आणि प्रत्येकाचे प्रशिक्षणाचे नियम देशभर एकच. तुमच्या फिटरला जवळचा व्यवसाय ‘इंडुस्ट्रीमेखानिकर’, मुदत साडेतीन वर्षं. कंपनीत शिकवणाऱ्यालाही नुसतं काम येऊन चालत नाही. शिकवायचं कसं, याची वेगळी परीक्षा असते.

खरी गोम आहे ती मुलाच्या परीक्षेत. या व्यवसायात मधल्या टप्प्यावरच्या पहिल्या भागाला 40 टक्के आणि शेवटच्या भागाला 60 टक्के वजन असतं. त्यामुळे मोजमापाचा पाया कच्चा राहिला तर शेवटच्या महिन्यातल्या घोकंपट्टीने तो भरून निघत नाही. दुसऱ्या भागात कंपनीतलं खरं काम घेता येतं: नियोजन, काम, तपासणी आणि कागदपत्रं मिळून 18 तास, त्यावर जास्तीत जास्त अर्धा तास तोंडी चर्चा. समजा, पंपाचं बेअरिंग बदललं. शाफ्टचं माप मायक्रोमीटरने घेतलं का? कुठला फिट (शाफ्टवर बेअरिंग किती घट्ट किंवा सैल बसवायचं) ठरवला, आणि तोच का? अलाइनमेंट कशी तपासली? सुरुवातीला वीज तोडून स्विचला कुलूप लावलं होतं का? या प्रश्नांची उत्तरं मुलाला देता आली पाहिजेत.

परीक्षा उद्योग-व्यापार मंडळ (त्या भागातल्या कंपन्यांची अधिकृत संस्था) घेतं. परीक्षकांत मालकांचे आणि कामगारांचे प्रतिनिधी सारख्या संख्येने असतात, सोबत किमान एक व्यवसायशिक्षक. म्हणून त्या प्रमाणपत्राला गावोगावी सारखाच मान आहे. तुमच्या वर्कशॉपमध्ये यातली एक गोष्ट लगेच करता येईल. जॉबचं माप बरोबर आलं तरी ‘हाच क्रम का घेतलास?’ हे विचारा आणि उत्तराला गुण द्या.

प्रश्न: आमच्या युनिटमध्ये 45 माणसं आहेत. मुलाला सीएनसी (संगणकाच्या आज्ञेवर चालणारी मशीन) शिकवली की दोन हजार जास्त मिळाले तरी तो शेजारच्या कंपनीत जातो. तिकडचे मालक पैसे का घालतात? (चाकण)

जर्मनीतही शिकवणं फुकटात होत नाही. तिथल्या संघीय व्यवसायशिक्षण संस्थेच्या 2017-18 च्या पाहणीत एका शिकाऊ मुलामागे कंपनीला वर्षाला सरासरी 20,900 युरोंच्या आसपास खर्च आला, त्याच्या कामातून 14,400 च्या आसपास परत आले. उरलेले साडेसहा हजार कंपनीच्या अंगावर. स्वित्झर्लंडमध्ये मात्र सरासरी कंपनीचा खर्च शिकण्याच्या काळातच वसूल होतो, कारण मानधन कुशल कामगाराच्या पगाराच्या मानाने बरंच कमी आणि मुलाला खरं उत्पादनाचं काम लवकर मिळतं.

जर्मन मालक उरलेले पैसे नंतर वसूल करतो. तीन वर्षं मुलगा डोळ्यांसमोर असतो, त्यामुळे चुकीचा माणूस भरती होण्याचा खर्च वाचतो. असेमोग्लू आणि पिश्के या अर्थशास्त्रज्ञांनी 1990 च्या दशकात दाखवलं की मुलगा किती तयार आहे हे शिकवणाऱ्या कंपनीलाच नीट कळतं, आणि संघटनांच्या करारांमुळे पगारांत फार तफावत नसते. त्यामुळे शेजाऱ्याला ओढून नेणं अवघड जातं. तुमच्याकडे सारख्या पगारांचा हा दुसरा टेकू नाही, म्हणून गळती होते.

तिथले छोटे मालक एकत्र येऊन प्रशिक्षण देतात: एकाकडे ग्राइंडिंग, दुसऱ्याकडे सीएनसी, मुलगा ठरलेल्या महिन्यांनी फिरतो. चार-पाच शेजारी युनिट जमवा आणि शिकून झाल्यावर पगार कसा वाढेल हे पहिल्याच दिवशी लिहून द्या. 30 किंवा जास्त माणसं असतील तर आपल्या कायद्याने 2.5 ते 15 टक्के शिकाऊ उमेदवार घ्यायचेच आहेत. त्यांना फक्त मशीनवर माल चढवायला लावलंत, तर ते जाणारच.

प्रश्न: शोध पीएचडीवाले लावतात. फिटर-टर्नर शिकवून इनोव्हेशन कसं वाढेल? (मुंबई)

नवं औषध किंवा नवी चिप यांना संशोधन विद्यापीठंच लागतात. पण कल्पना कागदावरून बाजारात येईपर्यंत शेकडो सुधारणा होतात आणि त्या करायला हात व डोकं दोन्ही चालणारी माणसं लागतात. स्वित्झर्लंडमध्ये सुमारे दोन-तृतीयांश मुलं व्यवसायशिक्षणाकडे जातात. 1990 च्या दशकात तिथे दोन गोष्टी झाल्या: कामाबरोबर उच्चशिक्षणाची पात्रता देणारी परीक्षा आली आणि जुन्या तांत्रिक शाळांमधून संशोधनाची जबाबदारी असलेली उपयोजित विद्यापीठं उभी राहिली. ती जिथे आली त्या भागांत पेटंटची संख्या आणि दर्जा दोन्ही वाढले, असं तिथल्या अर्थशास्त्रज्ञांच्या अभ्यासात दिसलं. त्या विद्यार्थ्यांनी आधी यंत्रावर काम केलेलं असतं. ड्रॉइंगमधली कुठली खाच टूलने कापताच येणार नाही, हे त्यांना बघताक्षणी कळतं. माझ्या मते कळीचा मुद्दा ही वर जाणारी वाट आहे. ती बंद असेल तर हुशार मुलं या शिक्षणाकडे फिरकतही नाहीत.

प्रश्न: या पद्धतीत खोट काहीच नाही का? (कोल्हापूर)

आहे, आणि मोठी आहे. जर्मनीच्या बहुतेक राज्यांत चौथीनंतर, दहा वर्षांच्या आसपासच, मुलांच्या शाळा वेगळ्या होतात. एस्टोनियात नववीपर्यंत सगळी एकत्र शिकतात. पिसा या पंधरा वर्षांच्या मुलांच्या आंतरराष्ट्रीय चाचणीत 2022 मध्ये गणितात एस्टोनियाला 510 गुण, जर्मनीला 475. शिवाय 2017 च्या एका आंतरराष्ट्रीय अभ्यासात दिसलं की व्यवसायशिक्षणाने नोकरी लवकर मिळते, पण वय वाढलं आणि तंत्र बदललं की तो फायदा कमी होत जातो. म्हणून गणित आणि भाषा सोडून चालणार नाही.

प्रश्न: मुलाची बारावी झाली. एजंट म्हणतो, चार लाख द्या, जर्मनीत आउसबिल्डुंगची (कंपनीतल्या शिकाऊ प्रशिक्षणाची) जागा देतो. (सातारा)

शिकण्याच्या जागेसाठी मुलाकडून कंपनीने मोबदला घेण्याचा करार जर्मन कायद्याने रद्दबातल ठरतो. करार थेट कंपनीशी होतो आणि उद्योगातल्या व्यवसायांसाठी तो उद्योग-व्यापार मंडळात नोंदवला जातो. त्या नोंदीचा पुरावा मागा. साधारण बी1 (मध्यम) पातळीची जर्मन लागते. शाळा आणि परीक्षा जर्मनमध्येच असल्याने प्रत्यक्षात त्यापुढची बी2 असेल तरच निभाव लागतो. 2025 मध्ये सुरू झालेल्या करारांसाठी पहिल्या वर्षाचं किमान मानधन महिना 682 युरो आहे. एवढ्यात खर्च भागत नाही, म्हणून व्हिसासाठी उरलेल्या रकमेची सोय दाखवावी लागते. पहिले एक ते चार महिने चाचणीचे असतात आणि त्या काळात कोणताही पक्ष करार तोडू शकतो. त्यामुळे तिकीट काढण्याआधी भाषेवर वर्षभर मेहनत घ्या, पैसे त्यावर खर्च करा.