जुन्या सातबाऱ्यावरून पूर्वज सापडतात का?

तुम्ही विचारलंय की पणजोबांच्या मागची नावं घरात कुणालाच ठाऊक नाहीत, जुन्या सातबाऱ्यावरून सापडतील का. सापडतील, पण सातबाऱ्यावर नाही, फेरफारात. जमीन कुणाची हे सातबारा सांगतो. ती त्याच्याकडे आली कशी, कोण मयत झालं, मागे कोण उरलं, हे फेरफार सांगतो. सातबाऱ्यावर वर्तुळात लिहिलेले फेरफार नंबर धरून एकेक मागे जा. गट नंबरापाशी वाट अडली की एकत्रीकरणाच्या, म्हणजे जमिनीचे तुकडे जोडून गट पाडण्याच्या, आधीचा सर्व्हे नंबर काढा आणि पुढचं त्यावर मागा. ऑनलाइन चार पानं बघून "काही मिळत नाही" म्हणणाऱ्यांचं मला पटत नाही. तहसीलच्या अभिलेख कक्षात नकलेचा अर्ज करा.

मी या कामात पडले ते पणजीमुळे. आमच्या घरात लहानपणापासून एकच ऐकलं, "हिच्या पणजीनं माळाचं रान विकून खाल्लं." कुठल्याही लग्नात, वाटणीत, काकांच्या तोंडी हेच. पणजोबा 1918 च्या तापाच्या साथीत गेले, तेव्हा आजोबा जेमतेम तीन वर्षांचे. एवढंच खात्रीचं.

1919 चा वारसाचा फेरफार मोडीत होता. मला मोडी येत नव्हती, जाणकाराकडून वाचून घेतला. "गणू मयत, वारस मुलगा अज्ञान, अ.पा.क. आई सखू कोम गणू." अज्ञान म्हणजे वयात न आलेला, अ.पा.क. म्हणजे अज्ञान पालन कर्ता आणि कोम म्हणजे बायको. घरात तिला सगळे नुसतं "म्हातारी" म्हणायचे. तिचं नाव मला त्या दिवशी कळलं.

पुढची नोंद 1921 ची. मळा आणि माळ, दोन्ही नंबर पणजोबांनी स्वतः सावकाराला मुदत खरेदीनं, म्हणजे मुदतीत पैसे फेडले तर जमीन परत या अटीवर, लिहून दिले होते. मुदत संपत आली तेव्हा तिनं माळ कायमचा दिला आणि त्या बदल्यात विहिरीचा मळा सोडवून घेतला. सोबतच्या जबाबाखाली सहीच्या जागी काढलेलं एक वेडंवाकडं वर्तुळ, शेजारी लिहिलेलं, "निशाणी बांगडी". मी त्या वर्तुळावर बोट ठेवून बराच वेळ बसले होते.

काका आजही त्याच मळ्यातला ऊस घालतात. नक्कल दाखवली तर म्हणाले, बायकांची नावं वंशावळीत धरत नाहीत. का नाही धरत? तीन वर्षांच्या पोराची जमीन जिनं राखली तिचं नाव गाळायचं आणि कर्ज करून गेलेल्याचं वर लिहायचं, ही वंशावळ नव्हे. तुम्ही शोधायला बसाल तेव्हा "कोम" आणि "अ.पा.क." दिसेल तिथे थांबा. आडनाव बहुतेक वेळा नसतंच, "रामा बिन धोंडी", म्हणजे धोंडीचा मुलगा रामा, एवढंच असतं. त्यात नातवाला आजोबांचं नाव, म्हणून नुसत्या नावावर विसंबू नका, सर्व्हे नंबर जुळवा.

आता राहिलेलं सांगते. हे सगळं जुन्या मुंबई इलाख्यातल्या गावांचं, जिथे हक्कनोंदणी 1903 च्या कायद्यानं सुरू झाली. मराठवाड्यात निजामाच्या काळातले कागद उर्दूत, तिथे 1954 च्या सुमाराचं खासरा पत्रक, म्हणजे तिथली जुनी जमीन नोंद, हाताशी धरा. घराणं कुळ, म्हणजे दुसऱ्याची जमीन कसणारं, असेल तर नाव सातबाऱ्याच्या "इतर हक्क" रकान्यात बघा. जमीनच नसेल तर या कागदांत माणूस दिसणार नाही, मग जुन्या गाव नमुना 14 म्हणजे कोतवाल बुकातल्या जन्म-मृत्यूच्या नोंदी चाळा.

मी मात्र आमची वंशावळ नव्याने लिहिली आहे. गणूच्या शेजारी सखू, त्याच ओळीत, तेवढ्याच अक्षरात. काकांना एक प्रत पोस्टाने पाठवली आहे.