'दिन्यन'ला मराठीत काय म्हणावं?

आयर्लंडच्या खेड्यांतल्या जुन्या आठवणींचा अनुवाद करताना तुम्ही 'दिन्यन' या आयरिश शब्दाशी अडलात, आणि कोशातलं 'वाईट हवामान' मिळमिळीत वाटतं म्हणता. वाटणारच. दिन्यन म्हणजे पाऊस, वारा, गारठा यांनी ठाण मांडलेले दिवस. तिथे 'झड लागली होती' चपखल बसतं. पावसाविना नुसता वारा असेल तर मात्र झड चालणार नाही, 'सोसाट्याचा वारा' घ्या.

दिन्यनचा उलट शब्द 'सिन्यन', म्हणजे उघाड. लिहिताना यांची सुरुवात दो- आणि सो- अशी होते, आणि हे उपसर्ग आपल्या दुस् आणि सु यांचे सख्खे भाऊबंद. अमरकोशात ढगांनी झाकलेल्या दिवसाला 'दुर्दिन' म्हटलंय. ते पाहून तोच शब्द वापरायचा मोह होतो. तो आवरा. दिन्यनमध्ये आपला 'दिन' नाहीच: त्यातला द उपसर्गाचा आहे, म्हणून तर सिन्यनमध्ये तो उरत नाही. शिवाय आजच्या मराठीत दुर्दिन म्हटलं की हलाखी आठवते, आभाळ नाही.

तुमचा दुसरा प्रश्न 'ईहे ना गीहे मोरे'चा, म्हणजे आयर्लंडमधल्या एका भयंकर वादळाच्या रात्रीच्या आयरिश नावाचा. शब्दाला शब्द लावला तर रात्र–वाऱ्याची–मोठ्या. 'मोरे' हे षष्ठीचं रूप आहे, म्हणजे मोठा वारा, रात्र नव्हे. 'मोठ्या वाऱ्याची रात्र' हेच बरोबर. 'वादळी रात्र' कुठलीही असू शकते, ही एकच, ६ जानेवारी १८३९ची. गवती छपरं उडाली, आणि राखेत झाकून ठेवलेला विस्तव वाऱ्याने उधळून घरं पेटली.

हे विशेषनाम सगळीकडे एकाच रूपात ठेवा, कारण पुढे त्यावर लोकांची पेन्शन ठरली. जानेवारी १९०९ पासून सत्तरी गाठलेल्या गरिबांना आठवड्याला ५ शिलिंगांपर्यंत पेन्शन सुरू झाली. पण सर्व जन्मांची सरकारी नोंद १८६४ पासूनची, म्हाताऱ्यांकडे दाखला कुठला? मग 'मोठ्या वाऱ्याची रात्र मला आठवते' हाच अनेकांचा वयाचा पुरावा. आपल्याकडे 'बाहत्तरच्या दुष्काळात मी एवढा होतो' म्हणतात, तसाच हा शब्दप्रयोग वाचकाच्या कानावर पडायला हवा.