पट्टी किर्लोस्करची, गाडी कोणाची?

प्रश्न : नाशिक रोडहून मनमाडकडे जाताना एका खासगी साइडिंगवर छोटे डिझेल इंजिन उभे दिसले. परवानगी घेऊन काढलेले दोन फोटो पाठवत आहे, एक समोरून आणि एक बाजूने. चार चाके, एका टोकाला केबिन, अंगावर पिवळे-काळे पट्टे. उघड्या बॉनेटमध्ये ‘किर्लोस्कर कमिन्स’ अशी पट्टी आहे. म्हणजे हे किर्लोस्करांनी बनवले का?
– एक वाचक, जेल रोड, नाशिक रोड

उत्तर : गाडी ओढणारे धूड आणि त्याच्या पोटातले यंत्र, दोघांनाही आपण ‘इंजिन’च म्हणतो. घोळ तिथेच होतो. ती पट्टी पोटातल्या यंत्राची. जुने यंत्र निकामी झाले की दुसऱ्या कंपनीचे बसवतात, केबिन नवी ठोकतात, रंग तर दर दुरुस्तीला बदलतो. भरवसा ठेवावा तो चौकटीवर आणि चाकांपर्यंत जोर पोचवण्याच्या पद्धतीवर.

समोरच्या फोटोत दोन बफरांच्या (डब्याचा धक्का झेलणाऱ्या टोकावरच्या गोल तबकड्यांच्या) मध्यांतले अंतर ४९ मिमी भरते, त्यांच्या बरोबर खाली रुळांमधले ४२. ब्रॉडगेजवर हीच मापे १९५६ आणि १६७६ मिमी असतात. गुणोत्तर जुळते, तेव्हा गेज ब्रॉडच. बाजूच्या फोटोत रुळापासून बफरचा मध्य २२ मिमीवर आहे आणि पुढच्या आणि मागच्या चाकजोडीच्या आसांत ५२ मिमी अंतर आहे. बफरची उंची १०३० ते ११०५ मिमीच्या आत ठेवावी लागते, म्हणून आसांमधले खरे अंतर साधारण २.४ ते २.६ मीटर. फोटो तिरका असता तर हा हिशेब फसला असता.

चार चाके म्हणजे दोनच आस. यावरून चित्तरंजन कारखान्याचे डब्ल्यूडीएस-४ हे डबे हलवणारे शंटिंग इंजिन बाद, कारण त्याला तीन आस आणि बाहेरून चाके एकमेकांना जोडणारे कपलिंग रॉड असतात. वाराणसी कारखान्याचे डब्ल्यूडीएस-६ सहा आसांचे, त्याचा प्रश्नच नाही.

पुढचा फोटो चाकांच्या मधल्या जागेचा हवा. साखळी दिसली तर रस्टन अँड हॉर्न्सबी या ब्रिटिश कंपनीच्या ४८ डीएससारख्या जुन्या, हलक्या गाड्या आधी तपासा. (तिथे ४८ म्हणजे अश्वशक्ती.) आडवा फिरता दांडा आसावरच्या गिअरबॉक्सला जात असेल, तर शोध वेगळ्या दिशेने.

मूळ पाटी केबिनच्या बाजूला किंवा चौकटीवर शोधा. ती गेली असली तरी बोल्टची भोके आणि रंगाखालची कडा राहते. गोल, लांबट की चौकोनी, एवढे कळले तरी पुष्कळ. टॉर्च समोरून न मारता पत्र्याला लगटून आडवा धरा, म्हणजे बुजलेले आकडेही सावलीने उठून दिसतात.