'देहप्रतिमा असंतोष' की नुसतं 'खटकतं'?

एका संशोधक ताईंचा प्रश्न आहे: "शाळकरी मुली स्वतःच्या शरीरावर किती नाराज असतात हे मोजायला १९८७ची 'बॉडी शेप क्वेश्चनेअर' ही इंग्रजी प्रश्नावली मराठीत आणते आहे. 'बॉडी इमेज डिससॅटिस्फॅक्शन'ला 'देहप्रतिमा असंतोष' म्हणू का?"

नको. निदान 'असंतोष' तरी नकोच. १९१०च्या पुस्तकात ब्रिटिश पत्रकार चिरोलनं टिळकांना नावं ठेवायला वापरलेले शब्द आपण 'भारतीय असंतोषाचे जनक' असे करून अभिमानानं मिरवले. मराठीतला असंतोष जनतेत धुमसतो, सरकारविरुद्ध भडकतो. आरशासमोर उभ्या चौदा वर्षांच्या मुलीला तो पेलायचा नाही. 'असमाधान' घ्या. थोडं कचेरीतलं आहे, पण अर्थ सांभाळतं.

आता 'देह'. 'देहबोली' रुळली तशी 'देहप्रतिमा'ही रुळेल असं वाटतं खरं. पण देह झिजवतात, ठेवतात, दान करतात. कीर्तनात तो नश्वर असतो आणि पंचनाम्यात मृत. त्यामानानं 'शरीर' शाळेच्या पुस्तकातलं, निर्विकार. मी 'शरीरप्रतिमा' म्हणेन. त्यातही 'प्रतिमा' जराशी फसवी आहे, कारण आपल्याकडे प्रतिमा उजळते किंवा डागाळते ती लोकांच्या नजरेत. व्हिएन्नाच्या पाउल शिल्डर या मनोविकारतज्ज्ञानं १९३५ साली मांडलेली कल्पना नेमकी दुसऱ्या बाजूची: आपल्या शरीराचं आपल्याच मनातलं चित्र. हा खुलासा सुरुवातीलाच एका ओळीत करून टाका.

हे झालं प्रबंधाच्या मुखपृष्ठापुरतं. मुलींच्या हाती जाणाऱ्या कागदावर यातला एकही शब्द नको. "मी माझ्या मांड्यांबाबत असमाधानी आहे" असं कुठली मुलगी म्हणते? मराठीत नाराजीच्या छटा क्रियापदांत असतात. दुसऱ्याचं सुख डोळ्यांत खुपतं, कुणाचे शब्द बोचतात, जुनं काही आत सलत राहतं. स्वतःच्या शरीराबद्दल मात्र 'खटकतं' चपखल बसतं. 'आवडत नाही'पेक्षा ते नेमकं आहे, शिवाय 'लाज वाटते' इतकं जड नाही. जिथे मुळातच लाजेविषयी विचारलंय, तिथे अर्थात 'लाज'च लिहा.

विशेषणं जपून. 'लठ्ठ' पगाराला शोभतं, पण माणसाला लावलं की दवाखान्याचा वास येतो. 'जाडी' म्हणजे तर वर्गातली हाकच. 'जाड' त्यातल्या त्यात बरं. 'अंगानं भरलीस' अजिबात नको. ते कौतुक आहे की टोमणा, हे म्हणणाऱ्या मावशीच्या सुरावर ठरतं आणि छापील कागदाला सूर नसतो.

एक प्रश्न मात्र जणू आपल्यासाठीच लिहिलाय: चारचौघांत, म्हणजे सोफ्यावर किंवा बसच्या सीटवर, आपण फार जागा व्यापतोय अशी काळजी वाटते का? वाचताक्षणी मला 'अंग चोरून बसणं' आठवलं. मूळ प्रश्न काळजीचा आहे, कृतीचा नाही, म्हणून 'अंग चोरून बसावंसं वाटलं का?' असं करता येईल. (कामात अंग चोरणं वेगळं, पण 'बसणं' जोडलं की घोटाळा होत नाही.)

अनुवादानं न भागणारी गोष्टही सांगतो. त्या ३४ प्रश्नांचा सगळा रोख जाड असण्यावर आणि जाड होण्याच्या धास्तीवर आहे. जिला घरीदारी 'काडी', 'हडकुळी', 'पाप्याचं पितर' ऐकावं लागतं, तिचं दुखणं त्यात सापडणार नाही. रंगावर तर एकही प्रश्न नाही आणि आपल्या लग्नाच्या जाहिराती 'गोरी, सडपातळ'नंच सुरू होतात. यासाठी प्रश्न वेगळे लिहा, वेगळे मोजा. मूळ गुणांत मिसळू नका.

शेवटचा खड्डा व्याकरणाचा. उत्तरांचे पर्याय सहा: 'कधीच नाही'ला १ गुण, 'नेहमी'ला ६. एका प्रश्नाचा शब्दशः अनुवाद होतो, "शरीराबद्दल वाईट वाटून तू समारंभाला गेली नाहीस का?" यावर 'कधीच नाही' म्हणजे काय? कधीच चुकवला नाही, की कधीच गेले नाही? पहिलीला १ मिळायला हवा, दुसरीला ६, आणि खूण दोघींची एकाच चौकटीत. तिथे "जाणं टाळलंस का?" असं लिहा.