स्कॉटिश पूर्वज शोधताय? सुरुवात आफ्रिकेतून करा

पणजोबा स्कॉटलंडहून दक्षिण आफ्रिकेत आले एवढंच माहीत असेल, तर लगेच स्कॉटलंडच्या नोंदींत शिरू नका. तिथे एकाच नावाची माणसं ढिगाने सापडतात, आपला कोणता ते कळत नाही.

आधी दक्षिण आफ्रिकेतली ‘डेथ नोटिस’ मिळवा. हा मृत्यूचा दाखला नव्हे, इस्टेटीच्या फाइलमधला फॉर्म आहे. त्यात जन्मस्थळ, आईवडिलांची नावं, जोडीदार, मुलं असे रकाने असतात. केप प्रांताच्या नोटिसा केपटाऊनच्या अभिलेखागारात ‘एमओओसी ६/९’ या मालिकेत आहेत; बऱ्याच ‘फॅमिलीसर्च’ या वंशावळीच्या संकेतस्थळावर फुकट दिसतात. फॉर्म हाती आला की सही कोणाची आहे ते पाहा. भावाची असेल तर आईवडिलांच्या नावांवर भरवसा ठेवायला हरकत नाही. शेजाऱ्याची असेल तर जन्मस्थळापुढे नुसतं ‘स्कॉटलंड’ लिहिलेलं सापडू शकतं. अशा वेळी हिरमुसू नका, दक्षिण आफ्रिकेतच स्थायिक झालेल्या त्यांच्या भावाबहिणींच्या नोटिसा काढा. गावाचं नाव बऱ्याचदा त्यांतच मिळतं.

गाव कळलं की मग ‘स्कॉटलंड्सपीपल’, म्हणजे स्कॉटलंडच्या सरकारी नोंदींचं संकेतस्थळ. सरकारी नोंदणी १८५५ पासूनची; मृत्यूच्या नोंदीत आईचं माहेरचं आडनावही असतं, हे फार मोलाचं. त्याआधीचं सगळं चर्चच्या नोंदवह्यांत.

जहाजाच्या याद्यांमागे मात्र फार वेळ घालवू नका. ब्रिटनहून बाहेर जाणाऱ्यांच्या याद्या सलग मिळतात त्या १८९० पासूनच्याच. १८२० मध्ये ‘ब्रिलियंट’ जहाजाने केपला गेलेली, कवी थॉमस प्रिंगल यांच्यासोबतची स्कॉटिश स्थलांतरितांची तुकडी हा त्याला अपवाद.