सत्तरीनंतरचं अपेंडिक्स

प्रश्न: सासूबाई ७४ वर्षांच्या, मधुमेही. दोन दिवस पोट नुसतं जड वाटत होतं, जेवण जात नव्हतं. ताप ९९ च्या वर गेला नाही. पोह्यांवरची शेव बाधली असेल म्हणून हिंग-ओवा दिला. तिसऱ्या दिवशी अपेंडिक्स फुटल्याचं कळलं. ऑपरेशन होऊन त्या आता घरी आहेत. म्हातारपणी अपेंडिक्स सुकतं ना? मग हे कसं झालं? सासरे ७९ चे आहेत, त्यांच्या बाबतीत काय लक्षात ठेवू?
– एक वाचक, रामबाग, इंदूर

उत्तर: त्या सुखरूप घरी आल्या, फार बरं झालं. हिंग-ओव्याचं मनाला लावून घेऊ नका. या वयात हा आजार डॉक्टरांनाही चकवतो.

'सुकतं' हे अर्धंच खरं. उजव्या बाजूला, मोठं आतडं सुरू होतं तिथे ही साधारण ८ ते १० सेंमी लांबीची, करंगळीहून बारीक नळी असते. किशोरवयात आणि विशीत तिच्या भिंतीत प्रतिकारशक्तीच्या पेशींचे पुंजके दाट असतात. पुढे ते विरळ होतात, भिंत पातळ होते आणि काहींमध्ये पोकळी टोकाकडून बुजत येते. पण पोकळीचा थोडा भाग उरला असेल आणि त्याच्या तोंडाशी कडक मळाचा खडा अडकला, तर आत स्राव साचतो, दाब वाढतो आणि रक्त पोचेनासं होतं. या नळीला रक्त देणारी मुख्य धमनी एकच. उतारवयात तीही अरुंद झालेली असते, म्हणून भिंत लवकर सडते आणि फुटते.

तरुणांमध्ये दुखणं बेंबीभोवती सुरू होऊन काही तासांत उजवीकडे खाली सरकतं, ताप येतो, उलटी होते. वृद्धांमध्ये हा क्रम बरेचदा दिसत नाही. पोट जरा फुगतं, भूक जाते, माणूस सुस्तावतो किंवा थोडं असंबद्ध बोलतो. रक्तातल्या पांढऱ्या पेशीही वाढलेल्या नसू शकतात, त्यामुळे रिपोर्ट नॉर्मल आला म्हणून निर्धास्त होऊ नका.

सासऱ्यांना एक प्रश्न आवर्जून विचारा: खोकताना किंवा ऑटो गतिरोधकावरून उडाली की पोटात कळ येते का? मग उजव्या कमरेच्या पुढच्या हाडापासून बेंबीपर्यंत मनात एक रेघ धरा आणि हाडापासून एक तृतीयांश अंतरावर दोन बोटांनी हलकेच दाबा. दुखलं तर घरी थांबू नका. दुखलं नाही, तरी नवं पोटदुखणं सहा तासांहून जास्त टिकलं तर डॉक्टरांकडे जाच. एरंडेल, एनिमा आणि गरम पाण्याची पिशवी नको. खायला काही देऊ नका. उपाशीपोटी मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन द्यायचं का, तेही फोनवर आधी विचारून घ्या.

सोबत औषधांची यादी न्या. रक्त पातळ करणारी गोळी असेल तर ती ठळक लिहा, कारण ऑपरेशनची वेळ तिच्यावर अवलंबून असते. शेवटचं कधी खाल्लं, तेही लिहा. या वयात बहुधा सोनोग्राफीपेक्षा सीटी स्कॅन जास्त उपयोगी पडतो, कारण मूतखडा, आतडं अडकणं आणि मोठ्या आतड्याचा कर्करोग यांचं दुखणंही असंच असतं. स्कॅनआधी क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम दाखवणारी रक्तचाचणी) तपासतात, जुना रिपोर्ट असेल तर हाताशी ठेवा. ७० वर्षांवरच्या प्रत्येकासाठी आयुष्मान योजनेत उत्पन्नाची अट नाही. कार्ड काढलं नसेल तर आजच काढा.

प्रश्न: वडील ७१ वर्षांचे. ऑपरेशन टाळून नुसत्या अँटिबायोटिक्सवर भागेल का? – एक वाचक, सुदामा नगर, इंदूर

उत्तर: अपेंडिक्स फुटलेलं नसेल तर कधीकधी भागतं. अमेरिकेतल्या एका मोठ्या चाचणीत अशा प्रौढ रुग्णांपैकी दहातल्या साधारण तिघांना ९० दिवसांत ऑपरेशन करावंच लागलं. स्कॅनमध्ये खडा दिसला तर धोका आणखी वाढतो. वडिलांचं हृदय आणि फुप्फुसं भूल सोसण्याजोगी असतील तर आमचा कल दुर्बिणीच्या ऑपरेशनकडे आहे. औषधांवर बरे झाले, तरी चाळिशीनंतर काही आठवड्यांनी कोलोनोस्कोपी (मोठ्या आतड्याची दुर्बिणीतून तपासणी) टाळू नये. मोठ्या आतड्याच्या सुरुवातीला गाठ वाढली की तिच्यामुळेच अपेंडिक्सचं तोंड बंद होऊ शकतं, आणि ती गाठ औषधाने जात नाही.

प्रश्न: पेरूच्या बियांनी अपेंडिक्स होतं का? – एक वाचक, लोकमान्य नगर, इंदूर

उत्तर: फारच क्वचित. अडकतो तो बहुधा मळाचाच खडा. पेरू खुशाल खा.